अडीच हजारांच्या आतला इअरफोन पारखताना

इअरफोनच्या खोक्यावर जे छापलेलं असतं, त्यातलं जवळजवळ काहीच तो कसा वाजेल हे सांगत नाही. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका मोठा तितका सूर वरचा) पाचशेच्या इअरफोनवर असतो आणि पन्नास हजारांच्याही. त्या पल्ल्यात कुठला सूर किती जोरात येतो, हे मात्र खोकं सांगत नाही, आणि खरा फरक तिथेच असतो. सोनेरी ‘हाय-रेझ’ स्टिकरसाठी ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज पोचावा लागतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढतं तसा हा पल्ला आखडत जातो. वटवाघळांना गाणी ऐकवायची नसतील तर स्टिकरकडे बघू नका.

इथे फक्त वायरवाल्या, कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनबद्दल लिहिलंय, साधारण एक ते अडीच हजार रुपयांतल्या. त्याच किमतीच्या ब्लूटूथ जोडीत बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबी यांचाही खर्च असतो आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली की जोडी टाकून द्यावी लागते. सोयीसाठी ब्लूटूथ घ्यायला हरकत नाही, पण पहिल्यांदाच नीट ऐकायचं म्हणून पैसे घालणार असाल तर वायरवाला घ्या. २०२२ मध्ये मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झची सॉल्नोट्स झीरो ही मॉडेल्स साधारण २० डॉलरला आली, तेव्हापासून या किमतीत खरोखर चांगलं मिळू लागलं आहे.

आधी टिप, मग बाकी सगळं. ‘यात बेसच नाही’, ‘पत्र्यासारखा वाजतो’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इअरफोनमध्ये नसतं, पुढच्या रबरात असतं. टिप कानाच्या नळीत घट्ट बसली की आत थोडीशी हवा कोंडली जाते आणि ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) एवढासा पडदा त्या हवेवर दाब देऊन खालचे सूर उभे करतो. बारीक फट राहिली तरी तो दाब निसटतो. आधी १०० हर्ट्झच्या खालचं जातं, फट मोठी असेल तर २०० पर्यंतचं जातं. वरचे सूर मात्र तसेच राहतात, त्यामुळे आवाज नुसता पातळ होत नाही, टोचूही लागतो. माणूस मॉडेल परत करतो, दुसरं मागवतो, आणि त्याच्याबरोबर आलेली मधल्या मापाची टिप पुन्हा तशीच घालतो.

बसवायची रीत अशी. वायर कानावरून मागे घ्या, डावा-उजवा बघून घ्या. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन उजव्या कानाची पाळी वरच्या बाजूने धरा आणि वर-मागे हलकेच ओढा. नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. बाहेरचा पंख्याचा आवाज एकदम कमी झाला पाहिजे आणि स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटलं पाहिजे. आता फोनवर ४० हर्ट्झचा सूर अगदी हलक्या आवाजात लावा (टोन जनरेटरची फुकट अॅप्स भरपूर आहेत) आणि दोन्ही इअरफोन बोटाने जरासे आत दाबा. दाबल्यावर सूर ठळकपणे वाढला तर फट आहे, एक माप मोठी टिप लावा. काहीच बदललं नाही तर बैठक ठीक आहे. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या असतीलच असं नाही, त्यामुळे एकीकडे एम आणि दुसरीकडे एल लावण्यात काही चूक नाही. टिप फार मोठी असेल तर ती आत न जाता तोंडाशीच दुमडते आणि अर्ध्या तासात कान दुखायला लागतो.

रबराचं तोंड रुंद असेल तर वरचे सूर मोकळे येतात, अरुंद असेल तर बेस थोडा पुढे येतो. फोमच्या टिपा चिमटीत दाबून आत घालायच्या आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायच्या. त्या वरच्या सुरांची धार थोडी कमी करतात, म्हणून टोचणाऱ्या इअरफोनला चांगल्या. पण त्या काही महिन्यांत कडक होतात आणि नव्या घ्याव्या लागतात. खोक्यातल्या तीन जोड्यांपैकी एकही बसली नाही तर दोनशे-तीनशेचा टिपांचा वेगळा संच घ्या. एवढ्या पैशात आवाजात याहून मोठा फरक पाडणारं दुसरं काही नाही. महागडी वायर तर नाहीच नाही.

आत घालताना कागद चुरगळल्यासारखा ‘कर्र’ आवाज आला तर घाबरू नका. कोंडलेल्या हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. हळू घाला, पाळी ओढून घाला, म्हणजे हवेला वाट मिळते. पण प्रत्येक वेळी आवाज होऊन एक बाजू बराच वेळ बारीक राहत असेल तर तो नग बदलून घ्या.

यानंतरचा अडथळा म्हणजे फोन. बऱ्याच नव्या फोनला ३.५ मिमीचा जॅक नसतो, म्हणून टाइप-सीचा छोटा अॅडॉप्टर लागतो. हे अॅडॉप्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा असतात. फोनने स्वतः त्या पोर्टमधून तयार आवाज दिला तरच तो चालतो, आणि बऱ्याच फोनमध्ये ती सोय नसते. दुसऱ्यात स्वतःची डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा विद्युतप्रवाह करणारी) असते, हा घ्यायचा. वर्णनात ‘डॅक’ हा शब्द नसेल तर पुढे जा. अॅपलचा टाइप-सी अॅडॉप्टर स्वच्छ वाजतो आणि पूर्ण आवाजाला सुमारे १ व्होल्ट देतो, पण अनेक अँड्रॉइड फोनवर तो अर्ध्या व्होल्टेजवरच अडकतो. अर्धं व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल कमी. आजची फिल्मी गाणी तरीही पुरेशी जोरात वाजतात. संथ आलापीचं, हळू पातळीवर ध्वनिमुद्रित केलेलं गाणं असेल तर मात्र आवाज पूर्ण वर नेऊनही कमी पडू शकतो.

खोक्यावरचा कामाचा एक आकडा इथे येतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक वीज दिली की इअरफोन किती जोरात वाजतो. तो दोन एककांत लिहितात आणि लोक ते सरसकट एकमेकांशी ताडून पाहतात. ३२ ओहमच्या इअरफोनवर ‘१०८ डेसिबल प्रति व्होल्ट’ लिहिलं असेल तर तो प्रति मिलिवॉट ९३ झाला. फरक १५ डेसिबलचा. १६ ओहमला हाच फरक १८ चा होतो. एकक बघितल्याशिवाय ‘याचा आकडा मोठा, म्हणजे हा जोरात’ असं ठरवू नका. वेगळा अॅम्प्लिफायर या किमतीत लागत नाही, कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

गाण्याच्या दर्जाबद्दल जास्त डोकं शिणवायचं कारण नाही. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा दर्जा निवडा. मोबाइल डेटावर तो आपोआप खाली येत नाही ना, तेवढं बघा. २५६ किंवा ३२० केबीपीएसच्या पुढचा फरक या इअरफोनवर पहिल्या वर्षात तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. यूट्यूबवर कुणीतरी टेपवरून चढवलेलं गाणं मात्र परीक्षेला घेऊ नका, त्यात टेपचीच खरखर पारखली जाते.

दोन इअरफोनची तुलना करायची तर आवाजाची पातळी सारखी हवी. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. एक डेसिबलने मोठा असलेला इअरफोन ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. फोनच्या आवाजाच्या एका पायरीतच अनेकदा दोन-तीन डेसिबल जातात. १ किलोहर्ट्झचा सूर लावा, दोन्हींवर तो कानाला सारखा वाटेल अशा पायऱ्या शोधा, त्या लिहून ठेवा आणि इअरफोन बदलला की पायरीही बदला. अॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या पातळीवर आणणारी सोय) चालू ठेवा, इक्वलायझर आणि ‘डॉल्बी’, ‘थ्रीडी’ वगैरे बंद.

मग डावं-उजवं बघा. एकट्या गायकाचं गाणं लावा, आवाज कपाळाच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. एका बाजूला कलला तर दोन्ही इअरफोनची अदलाबदल करा, उलटे-सुलटे कसे का बसेनात, आणि पुन्हा ऐका. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनचा. तिथेच राहिला तर कानाचा, टिपेचा किंवा मळाचा. आवाज मध्ये न राहता दोन्हीकडे पसरल्यासारखा, पोकळ येत असेल आणि वायर निघणारी असेल, तर एका बाजूची पिन बहुतेक उलटी लागली आहे. काढून फिरवून लावा.

कोणत्या गाण्यांवर पारखायचं? परदेशी समीक्षक ज्या रॉक आणि जॅझच्या अल्बमवर पारखतात, ते तुम्ही ऐकत नसाल तर त्यांचा निष्कर्ष तुमच्या कामाचा निम्माच. आपल्या ऐकण्यात गळा पुढे असतो, म्हणून पहिली परीक्षा गळ्याची.

पुरुषाचा ख्याल घ्या, काळी एकमधला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गायलेला). त्याचा मध्य सप्तकातला सा १३८ हर्ट्झच्या जरासा वर असतो आणि आवाजाचा भरदारपणा १५० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो. हा भाग दबलेला असेल तर गवई सर्दी उतरल्यासारखा हलका वाटतो. फुगलेला असेल तर घुमतो आणि शब्द गढूळ होतात. मग बाईंचा आवाज घ्या, काळी चारच्या आसपासचा, आणि तार सप्तकात जातो ती जागा शोधा. तिथला मूळ सूर ४१५ हर्ट्झपासून पुढे, पण कानाला झोंबतात ते त्याचे २ ते ४ किलोहर्ट्झमधले उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर). याच टप्प्याला कानाची नळी स्वतःच आवाज वाढवते आणि इअरफोनला त्या वाढीची नक्कल करावी लागते. नक्कल जास्त झाली की तार सा ओरडतो, हात आपोआप आवाज कमी करायला जातो. कमी झाली की गायिका पडद्यामागे जाऊन बसते. स्वस्त इअरफोन सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

तंबोरा ही माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो, तरी जवारीमुळे (तारेखालच्या घोडीच्या खास घडणीमुळे) त्याची सगळी ताकद वरच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे उपस्वरांत, गेलेली असते. चांगल्या इअरफोनमध्ये तारांची आवर्तनं वेगळी कळतात आणि वर तो रेंगाळणारा झणत्कार अखंड राहतो. वाईटात नुसती गुणगुण उरते, किंवा झणत्काराची जागा डासासारख्या आवाजाला मिळते.

बेससाठी डग्गा. ‘धप्’ असा आघात कुठलाही इअरफोन देतो. ऐकायची ती ‘घे’ची मींड, तळहात सरकतो तसा सूर वर चढताना कळला पाहिजे. ७०-१०० हर्ट्झच्या परिसरात फुगवटा असेल तर मींड दिसत नाही, एकच गोळा येतो. आणि वरच्या टोकाला टाळ. दहा-बारा टाळकऱ्यांचा अभंग लावा. ७ ते ९ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा असेल तर टाळ गळ्यावर चढतात आणि प्रत्येक ‘स’, ‘श’, ‘च’ सुईसारखा लागतो. हा उंचवटा थोडा तुमच्या कानावरही अवलंबून असतो. इअरफोन जितका खोल बसेल तितका तो वरच्या सुरांकडे सरकतो. म्हणून परत करायच्या आधी टिप बदलून बघा.

जुनी गाणी ऐकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेल्या ध्वनिमुद्रणात अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर मुळातच फार थोडे असतात, वर असते ती खरखर. चमकदार ट्रेबलचा (वरच्या सुरांचा) इअरफोन अशा गाण्यात तपशील वाढवत नाही, खरखर वाढवतो. नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतंच ऐकणार असाल तर ‘डिटेल’, ‘एअर’, ‘स्पार्कल’ अशी स्तुती असलेला इअरफोन टाळा. ‘वॉर्म’, ‘स्मूद’ शोधा.

शेवटची चाचणी वेळेची. एक तास सलग ऐका. पहिल्या पाच मिनिटांत जो ‘वा!’ वाटतो तो बऱ्याचदा जास्तीच्या बेस-ट्रेबलमुळे, आणि तोच चाळिसाव्या मिनिटाला काढून ठेवावासा वाटतो. ‘बर्न-इन’साठी शंभर तास वाजवत ठेवायची गरज नाही. काही दिवसांत बदलतो तो आपला कान, त्याला सवय होते.

ऐकून घ्यायची सोय नसेल तर आलेख (कुठला सूर किती जोरात येतो ते दाखवणारी रेषा) वाचायला शिका. स्क्विगलिंक या संकेतस्थळावर हजारो मॉडेल्सची मापं आहेत आणि दोन रेषा एकावर एक टाकून बघता येतात. तीन ठिकाणं बघा: बेसचा चढ साधारण २०० हर्ट्झच्या खाली सुरू होतो का, १ ते ३ किलोहर्ट्झचा चढ ८-१० डेसिबलच्या आसपास आहे का, ५ ते ९ मध्ये अरुंद सुळके आहेत का. ८ किलोहर्ट्झजवळचा एक सुळका बऱ्याचदा मोजणाऱ्या यंत्रातल्या कृत्रिम कानाचाच असतो आणि १० च्या पुढच्या रेषेवर विसंबू नये. कंपनीने स्वतः छापलेला आलेख असेल तर आधी उभा अक्ष बघा. तो १०० डेसिबलचा ताणलेला असेल तर डोंगरही सपाट दिसतो. ‘हरमन टार्गेट’ हा शब्द सतत येईल. हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन ही आदर्श रेषा आखली, इअरफोनसाठी तिची २०१९ची आवृत्ती चालते. तिच्यात २०० हर्ट्झच्या आसपास खळगा आणि ३ किलोहर्ट्झला भर आहे, त्यामुळे तिला तंतोतंत चिकटणारा इअरफोन पुरुषी ख्यालाला जरा रोड वाटतो. पॉपला चालून जातो.

आता नावं. टांगझू वान-अर: उबदार, ट्रेबल मऊ, गळा पुढे, आपल्या गाण्यासाठी या किमतीत मी हाच आधी सुचवेन. सेव्हन हर्ट्झ झीरो टू: आधीच्या झीरोपेक्षा बेस भरलेला, तोल छान, सगळ्या प्रकारचं ऐकणाऱ्याला. मूनड्रॉप चू टू: धातूचा, थोडा उजळ, तपशील जास्त, टाळ-झांजांना कडक, पहिल्या चूची वायर निघत नव्हती, याची निघते. केझेड ईडीएक्स प्रो: या सगळ्यांपेक्षा स्वस्त, बेस आणि ट्रेबल दोन्ही उचललेले, नाचाच्या गाण्यांना मजा, ख्यालाला नको. हे चारही एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे आहेत आणि ते योग्यच. ‘चार ड्रायव्हर, पाच ड्रायव्हर’ या किमतीत बघू नका. जास्त ड्रायव्हर म्हणजे त्यांच्यातले सांधे जुळवणं आलं, आणि त्याला लागणारा खर्च या किमतीत बसत नाही.

वायर निघणारीच घ्या, कारण सगळ्यात आधी तीच जाते, जॅकच्या मानेशी किंवा कानावरच्या वळणाशी. नवी घेताना पिन बघा. पहिल्या तिन्हींना ०.७८ मिमीच्या दोन पिना, केझेडला ०.७५ची बाहेर आलेली टोपीवाली. जबरदस्ती केली तर सॉकेट फाटतं. फोनवर बोलायचं असेल तर माइकवाली जोडी मागवा, नाहीतर नंतर माइकवाली वायर वेगळी घ्यावी लागते. आणि परत करायचे नियम आधी वाचा, कानात घालायची वस्तू म्हणून बऱ्याच ठिकाणी फक्त बदलून मिळते, पैसे मिळत नाहीत.

इअरफोन जवळजवळ आवडला पण एखादी जागा खुपतेय, तर विकण्याआधी इक्वलायझर वापरा. अँड्रॉइडवर वेव्हलेट अॅपमध्ये मॉडेलचं नाव टाकलं की तयार दुरुस्ती मिळते. हाताने करायचं तर पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये (ज्यात कुठला सूर, किती आणि केवढ्या पट्ट्यात बदलायचा ते ठरवता येतं) तार सप्तक ओरडत असेल तेव्हा ३ किलोहर्ट्झला उणे २ डेसिबल, क्यू १ (क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद). टाळ टोचत असतील तेव्हा ८ किलोहर्ट्झला उणे ३, क्यू २ ते ३. बेस हवा असेल तर १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचं सगळं एकत्र उचलणारा) अधिक ३, आणि त्याबरोबर प्रीअॅम्प (एकूण पातळी) उणे ३ केलाच पाहिजे, नाहीतर जोरकस जागी आवाज फाटतो.

लोकलमध्ये ऐकणाऱ्यांसाठी थोडं. गाडीचा घरघराट खालच्या सुरांचा असतो आणि रबर तेच सूर सगळ्यात कमी अडवतं. बेस झाकला जातो, मग माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मोठ्यांची मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. गाडीत फोम टिप लावा. रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही काढा.

एक बाजू हळूहळू बारीक होत गेली तर ड्रायव्हर गेला असं लगेच धरू नका, इअरफोनच्या नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ किंवा दमटपणा बसलेला असतो. टिप काढा, जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे सुटलेलं आत जात नाही. सुई नको, पाणी नको, स्पिरिट नको. टिपा साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवून लावा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि घामेजलेल्या कानातून काढून लगेच डबी बंद करू नका. चू टूची नळीच्या तोंडाची जाळी फिरवून बदलता येते. बाकीच्यांना चिकटवायच्या जाळ्या सुट्या मिळतात, पण नळीचा व्यास मोजून त्याच मापाच्या आणि त्याच जातीच्या घ्या. दाट विणीची जाळी लावली की ट्रेबल बदलतो.